एका दमात

मुदखेडच्या स्टेशनावर शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "काय शिकता?" मी म्हटलं, "हैवानियात." त्या उठल्या आणि आपलं गाठोडं घेऊन पलीकडच्या बाकावर जाऊन बसल्या.

त्यांचा काही दोष नव्हता. हैदराबादेत आमच्या जनाना कॉलेजात सगळे विषय उर्दूतून, आणि उर्दूत प्राणिशास्त्राला हैवानियात म्हणतात. त्यातला एक काना गाळला की होतं हैवानियत, म्हणजे राक्षसीपणा. नांदेडात कुणालाच तो काना ऐकू येत नसे. बापूसाहेब वकिलांची प्रमोदिनी हैदराबादेत राहून राक्षसीपणा शिकते आणि आता त्याची परीक्षाही देणार आहे, ही बातमी आमच्या सगळ्या गल्लीला पाठ होती. त्या एका कान्यापायी माझं एक स्थळ मोडलं. आई रडली, बापूसाहेब पोट धरून हसले, आणि मला मनातून बरंच वाटलं. बघायला आलेल्या त्या मुलानं पोह्यांची बशी खाली ठेवायच्या आधीच मीठ कमी आहे म्हणून सांगितलं होतं.

त्या साली दसऱ्याच्या सुट्टीत आम्हा प्रत्येकीला एकेक विषय लिहून आणायचा होता. मला मिळाले बुड्या मारणारे पक्षी. ते पाण्याखाली श्वास कसा पुरवतात, आणि त्या मेहनतीनं त्यांचं शरीर किती थकतं, हे लिहायचं. कॉलेजात आम्ही एका बदकाचं डोकं पाण्यात धरून पाहिलं होतं. डोकं बुडालं की त्याचं काळीज एकदम सावकाश चालायला लागायचं आणि बाहेर काढलं की पुन्हा भरभर. मी स्वतः बोटं लावून ते तपासलं होतं. पण ते बिचारं जबरदस्तीनं बुडवलेलं बदक. मला स्वतःच्या मर्जीनं, पोटासाठी दिवसभर बुडणारे पक्षी बघायचे होते.

म्हणून मी वाघतळीला निघाले होते. तिथले शेषेराव पाटील बापूसाहेबांचे जुने पक्षकार. मोठ्या मिशा, मोठा आवाज, आणि बायको समोर आली की दोन्ही खाली. त्यांच्या गावचं तळं जुन्या राजांच्या काळातलं. एका बाजूला मातीचा लांबलचक बांध, त्याला आतून दगड लावलेले. बांधाच्या वरच्या अंगाला पाणी, खालच्या अंगाला गाव. गावातली खालची आळी तर इतकी खाली की तिथल्या घरांच्या छपरांपेक्षा तळ्याचं पाणी उंच.

मी रोज बांधावर जाऊन बसायची. पाण्यावर टिबुकल्या असायच्या, मुठीएवढ्या, गोल गरगरीत. आणि काळे पाणकावळे, मान तेवढी वर काढून पोहणारे. मला आधी वाटायचं, बुडायच्या आधी पक्षी छाती भरून हवा घेत असेल, आपण विहिरीत उडी मारताना घेतो तशी. टिबुकली उलटंच करायची. ती पिसं अंगाशी दाबून घ्यायची, आतली हवा सोडून द्यायची, बघता बघता अर्धी व्हायची आणि लाटसुद्धा न उठवता खाली जायची. हवा जास्त असली तर पाणी वर ढकलतं, आणि त्या ढकलण्याशी भांडण्यातच सगळी ताकद जाते. पाणकावळा पाण्याखाली पंख हलवायचा नाही, नुसते पाय मारायचा, तेही सावकाश.

आणखी एक गोष्ट मला दिसली, ती मला फार आवडली. पक्षी थोडा वेळ बुडाला की थोडा वेळ वर बसायचा आणि पुन्हा जायचा. पण एखादा पाणकावळा माशाच्या मागं लागून फार वेळ खाली राहिला, तर वर आल्यावर कितीतरी वेळ नुसता तरंगत बसायचा. मासे समोरून गेले तरी हलायचा नाही. शरीरातली हवा पुरते तोवरचं काम स्वस्तात होतं. ती संपल्यावर ओढून ताणून केलेल्या कामानं अंग आंबतं. आपल्याकडे अंग आंबलं म्हणतात ना, ते अगदी खरं आहे, थकलेल्या मांसात खरोखर आंबट पदार्थ साठतो. म्हणून शहाणा पक्षी लांब बुडी मारतच नाही. तो छोट्या छोट्या मारतो. आणि बहुतेक वेळा रिकाम्या चोचीनं वर येतो, श्वास घेतो, पुन्हा जातो.

"काय बगून राहिलात ताई रोज?" पाणी भरायला आलेल्या बाया विचारायच्या.

"पाणकावळा कसा बुडतो ते."

"मग? बुडतुया का नीट?" आणि घागरी हिंदकळेपर्यंत हसायच्या.

त्यांचं हसणं पावसानं बंद केलं. दसरा झाला, आता काय पाऊस, म्हणेपर्यंत परतीचा पाऊस असा लागला की थांबायचं नावच घेईना. तळं काठोकाठ भरलं. सांडवा दुथडी वाहत होता तरी पाणी चढतच होतं. आणि बांधाला एका जागी, जुनं वारूळ होतं तिथं, खालून पाझर फुटला. शेषेराव काका रोज सकाळी त्या पाझराचं पाणी ओंजळीत घेऊन बघायचे. पाणी नितळ होतं तोवर ते गप्प होते. ज्या सकाळी पाऊस उघडला त्याच सकाळी पाणी गढूळ आलं. गढूळ म्हणजे बांधाच्या पोटातली माती वाहायला लागली. खालच्या आळीतली माणसं पोरंबाळं, कोंबड्या, तव्या-परातींसकट मारुतीच्या ओट्यावर येऊन बसली. तहसीलला पाठवलेला माणूस ओढ्याच्या पलीकडेच अडकला होता.

"तूम उघडायला लागंल," काका म्हणाले. "आजच. न्हाईतर खालची आळी गेली समजा."

तूम म्हणजे तळ्याच्या तळाशी, बांधाखालून गेलेल्या दगडी नळाचं तोंड. त्या तोंडात माणसाच्या मांडीएवढा जाड सागवानी दट्ट्या ठोकलेला असतो. दट्ट्या उपटला की पाणी नळातून पलीकडे पाटात जातं आणि तळ्याचा भार उतरतो. एरवी हे काम पौषात, पाणी छातीएवढं उतरल्यावर व्हायचं. तळं तुडुंब असताना तुमापर्यंत जायचं म्हणजे दोन पुरुषांहून जास्त खोल. दोर बांधून काठावरून ओढावं, तर तिरक्या ओढीनं दट्ट्याची मान मोडते आणि तूम कायमचा बंद होतो. तिथं माणूसच जायला पाहिजे. त्या माणसाला वाघतळीत नीरडी म्हणत. शब्द तेलंगणातून आलेला, आणि ते घराणंही.

आताचा नीरडी व्यंकट. तालमीत कमावलेलं अंग, लाजरा, आईपुढं मान वर न करणारा. त्याचा बाप मलप्पा याच तुमावर गेला होता. असंच तळं भरलं होतं, मलप्पा बुडी मारून खाली गेला आणि वर आलाच नाही. दट्ट्याच्या दांडीवर त्याचे हात तसेच आवळलेले सापडले. पाऊस आपोआप ओसरला म्हणून त्या साली गाव वाचलं. गावात आजही म्हणत, "मलप्पा एका दमात गेला, मागं फिरला न्हाई." त्याची बायको केवळाबाई. तळ्याच्या पूजेचा पहिला नारळ तेव्हापासून तिच्या हातचा. मागं न फिरणं ही त्या घराण्याची रीतच होती. नीरड्यानं एका दमात जायचं, एका दमात यायचं, आणि हातात दट्ट्या घेऊनच यायचं. रिकाम्या हातानं वर आलेल्याला पाण्यातल्या देवी, साती आसरा, त्या दिवशी पुन्हा आत घेत नाहीत, अशी समजूत.

नारळ फुटला. व्यंकटनं छाती अशी भरून घेतली की बरगड्या मोजाव्यात, आणि उडी घेतली. धबकन पाणी उडालं. आम्ही सगळे बांधावर. इतका वेळ गेला की पाण्यावरची वलयं पार विरून गेली. मग तो वर आला, हात मारत, डोळे तारवटलेले, नाकातून रक्त, ओठ निळे. हात रिकामे.

केवळाबाईंनी तोंड फिरवलं.

"दट्ट्या गळ्याइतका गाळात हाय," तो धापा टाकत म्हणाला. "पाणी वर लोटतंय, खाली जाण्यातच निम्मा दम गेला. गाळ उपसला, दांडी हाताला लागली, आन् डोळ्यापुढं अंधारी आली." त्यानं नाकातलं रक्त पुसलं. मग म्हणाला, "पुन्यांदा जातो. आता दट्ट्या घेतल्याबिगर येत न्हाई."

तो खरंच येणार नव्हता. हे मला कळलं तसंच तिथल्या प्रत्येकाला कळलं, आणि तरी कुणी त्याला अडवलं नाही. काही माणसं तर मान डोलवत होती, जणू काही शहाणपणाचं बोलला! माझं डोकंच फिरलं.

"कशाला एका दमात?" मी ओरडले. "तो पाणकावळा बघा. दर खेपेला मासा आणतो का? रिकामाच येतो, श्वास घेतो, पुन्हा जातो. व्यंकटदादा, गाळ काढायला एक बुडी, वर ये. आणखी काढायला एक, वर ये. दट्ट्या हलवायला वेगळी. असं दहा वेळा जा की! दर खेपेला दम उरलेला असताना वर यायचं."

"ताई, त्यो पक्षी हाय," एक म्हातारा म्हणाला. "ह्यो नीरडी हाय."

"पक्ष्याला अक्कल जास्त आहे मग!"

शेषेराव काकांनी माझ्याकडे डोळे वटारले. पण उत्तर दिलं केवळाबाईंनी. त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. काटक, काळ्यासावळ्या, आवाज अगदी खालचा.

"वर येऊन दम घ्यायचा असता, आन् पुन्यांदा जायचं असतं," त्या म्हणाल्या, "तर मग माजा धनी कामून गेला?"

बाईनं इतकी वर्षं एका गोष्टीवर जन्म काढला होता की नवरा गेला तो रीतीसाठी गेला, आणि मी परगावची पोर येऊन सांगत होते की तशी काही गरज नव्हती.

पण रागात एक बरं असतं, माणूस गप्प बसत नाही. मी काकांना म्हटलं, "मला थोडा वेळ द्या. तोवर वारुळापाशी मातीची पोती टाका." मग केवळाबाईंचा हात धरला. "मावशी, तुमच्या घरी परात आहे ना? चला. व्यंकटदादालाही घेऊन चला."

त्यांचं घर बांधाच्या टोकालाच. अंगणात मी परात मांडली, तळ्याचं गार पाणी ओतलं. व्यंकटला समोर बसवलं आणि त्याचं मनगट त्याच्या आईच्या हातात दिलं.

"नाडी लागली हाताला?"

"लागली की. घोड्यावानी पळून राहिली."

"आता दादा, श्वास सोड थोडा, नि तोंड बुडव. मी पाठीवर थाप मारली की वर ये."

व्यंकटनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू या बाईला खरंच काहीतरी राक्षसी येत असावं. पण आई समोर होती. त्यानं तोंड बुडवलं. केवळाबाई मान तिरकी करून नाडी बघत होत्या, आणि मी त्यांचा चेहरा बघत होते.

"आगं माय," त्या एकदम दचकल्या. "ही तर बसली! थांबतीया का गं?"

"थांबत नाही मावशी. जपून चालतेय. तोंडाला गार पाणी लागलं की काळीज आपसूक सावकाश चालायला लागतं. पाणकावळ्याचं, बदकाचं, आपलंही. हे आपण करत नाही, आपोआप होतं." मी थाप मारली. व्यंकट वर आला, तोंड पुसलं. नाडी जरा पळाली आणि लगेच जागेवर आली. केवळाबाईंनी मान हलवली.

"आता पुन्हा बुडव. या खेपेला थाप नाही. राहवेल तितका राहा."

तो राहिला. तालमीतलं अंग ते. आधी नाडी सावकाश झाली, मग त्याची मान ताठ झाली, खांदे थरथरायला लागले, दुसऱ्या हाताची मूठ वळली. तरी तो राहिला, कारण आई बघत होती. केवळाबाईंचा चेहरा पालटला. "वर ये," त्या पुटपुटल्या. तो आला नाही. "वर ये रं!" त्यांनी त्याचे केस धरून डोकं वर ओढलं. तो हुंदके दिल्यासारखा श्वास घेत होता. नाडी सैरावैरा धावत होती. आम्ही तिघं तसेच बसून राहिलो, आणि ती जागेवर यायला इतका वेळ लागला की परातीतलं पाणी पार निवळलं.

"बघितलंत?" मी हळूच म्हटलं. "थोडक्यात आला तेव्हा लगेच ताजा झाला. ताणलं तेव्हा हे झालं. पाण्याखाली हे झालं तर हात उघडायचंही भान राहत नाही."

केवळाबाईंनी मनगट सोडलं नाही.

"त्यांचं बी असंच झालं असंल," त्या म्हणाल्या. "यायचं असंल त्यान्ला वर. म्या काठावरच हुते ताई. म्या म्हणले न्हाई वर या म्हणून. नीरड्याची बायको म्हणत नसती." मग पदरानं डोळे खसाखसा पुसले, रागानं पुसावेत तसे. मला रडू आवरलं नाही, आणि मी ते आवरायचा प्रयत्नही केला नाही.

बांधावर परत आलो तेव्हा पोत्यांखालून लालभडक पाणी येत होतं. केवळाबाई सरळ पाण्याच्या काठावर जाऊन उभ्या राहिल्या आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "व्यंकटा, ऐक. रिकाम्या हातानं ये. कितीक बार बी ये. पन वर ये."

"केवळाबाई, रीत हाय..." शेषेराव काका चाचरत म्हणाले.

"रीत माज्या घरची हाय पाटील. तिच्यापायी माणूस बी माज्याच घरचं गेलं. मोडायचा हक बी माजाच. आसरान्ला काय सांगायचं ते म्या सांगते." त्यावर काकांनी मिशीवरचा हात खाली घेतला.

मी व्यंकटला शेवटचं बजावलं. "छाती फुगवून जायचं नाही. निम्मा श्वास सोडायचा, पाणी वर ढकलणार नाही. हात झाडायचे नाहीत, दमानं जायचं. अंधारी यायची वाट बघायची नाही. अजून थोडं जमेल असं वाटलं की तेव्हाच वर."

"तवाच?"

"तेव्हाच."

तो गेला. या वेळी पाणी उडालं नाही. पायरीवरून उतरावं तसा खाली गेला. आणि आम्हाला वाटलं त्याच्या फार आधी वर आला. दोन्ही हातांत नुसता गाळ, तोही धुऊन गेलेला. बांधावरची माणसं सवयीनं आपल्या पायांकडे बघायला लागली.

"आला रं माजा वाघ!" केवळाबाई ओरडल्या.

व्यंकट स्वतःच चकित झाला. तुमाचे दगडी खांब पाण्याबाहेर डोकं काढून होते, त्यातला एक धरून तो श्वास घेत राहिला. लगेच पुन्हा जायला निघाला तेव्हा मी त्याला काठावरून असं झापलं की तो थांबला. श्वास जागेवर आल्याशिवाय जायचं नाही, म्हणजे नाही.

"पोरी," वारुळाकडून काका ओरडले, "बांध दम धरीत न्हाई!"

"मग तुम्ही धरा!" मी ओरडले. पाटलीणबाई मागं उभ्या होत्या, त्या फिस्सकन हसल्या. काका मुकाट्यानं पोती वाहायला गेले.

दुसऱ्या खेपेला तो रिकामा आला तेव्हा केवळाबाईंच्या बरोबर आणखी दोघी-तिघी ओरडल्या. त्याच्या पुढच्या खेपेला पुरुष. मग मारुतीच्या ओट्यावरची खालच्या आळीची माणसं बांधावर आली, आणि ती तर दर खेपेला असा गलका करायला लागली, जणू दट्ट्याच घेऊन आलाय. "आला! रिकामा आला! जित्ता आला!" मी आयुष्यात इतकी सुंदर आरोळी ऐकली नाही. खाली जाऊन काही न आणणाऱ्या माणसाचा असा जयजयकार वाघतळीत त्याआधी कधी झाला नसेल, आणि दुसरीकडेही झाला असेल असं वाटत नाही.

मधे त्याचे दात वाजायला लागले. मी त्याला बाहेर काढलं. गार पाण्यात अंग गरम ठेवायला जी ताकद जाते, ती बुडीपेक्षाही जास्त असते. केवळाबाईंनी शेकोटी पेटवूनच ठेवली होती. घोंगडं, गूळ घातलेलं गरम पाणी, वर भाकरीचा तुकडा. काका लांबून हात चोळत बघत होते. पाझर आता बोटाएवढा नव्हता, मनगटाएवढा झाला होता. तरी मी त्याला ऊब येईपर्यंत उठू दिलं नाही. बांध फुटला असता तर ती शेकोटी माझ्या नावावर लिहिली गेली असती. पण थकलेला माणूस खाली पाठवला तर बांधही जाणार आणि तोही जाणार, हे मला त्या परातीनं शिकवलं होतं.

तो पुन्हा पाण्यात उतरला. काही खेपा नुसत्या गाळाच्या. मग एकदा वर येऊन हसला. पहिल्यांदाच.

"हालला," तो म्हणाला. "दांडी फिरली. आजून एक आडवा झटका."

"आधी श्वास," मी म्हटलं.

तो खांब धरून राहिला, आईकडे बघितलं, निम्मा श्वास सोडला आणि खाली गेला.

गलका थांबला. सगळे वाट बघायला लागले. आणि अचानक पाण्याच्या पोटातून एक जाड, घुसमटलेला आवाज आला. बांध पायाखाली हादरल्यासारखा वाटला. पलीकडून, गावाच्या अंगानं कुणीतरी किंचाळलं, "पाट वाहिला! पाट वाहिला!" नळातून पलीकडे पाणी असं सुटलं होतं की पाटातले दगडधोंडे गडगडत चालले होते. पुरुष तिकडे पळाले. कुणी हलगी वाजवायला घेतली.

मी पळाले नाही. केवळाबाईही नाही. आमच्यासमोर दोन खांबांच्या मधे पाण्यात मोठा भोवरा फिरत होता, आणि त्या भोवऱ्याच्या कडेला काळं काहीतरी उसळून वर आलं. मला आधी वाटलं त्याचं डोकं. ते डोकं नव्हतं. तो दट्ट्या होता, शेवाळानं माखलेला, एकटाच.

तूम उघडला की त्याचं तोंड सगळं ओढून घेतं, हे मला माहीत होतं. नीरडी कमरेला दोर बांधत नाही, कारण दोर खांबात अडकतो, हेही माहीत होतं. मी हैवानियात, पाणकावळे, टिबुकल्या सगळं विसरले. नुसतं पाणी दिसत होतं. केवळाबाई लुगड्यासकट पाण्यात शिरल्या, गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, आणि त्या भोवऱ्याला ओरडून सांगत होत्या, "वर ये! व्यंकटा, वर ये! रिकामा ये, पन वर ये!"

पुढे त्यानं सांगितलं. दट्ट्या सुटला तेव्हा पाण्यानं त्याला तोंडाकडे खेचलं. त्यानं दोन्ही हातापायांनी खांबाला मिठी मारली आणि पहिला लोट जाईपर्यंत तिथंच चिकटून राहिला. घाई केली नाही. करायची गरज नव्हती, कारण छातीत दम शिल्लक होता. ओढ जराशी सैल झाल्यावर तो खांबाला धरून धरून वर सरकत आला.

भोवऱ्याच्या पलीकडच्या अंगाला, खांबाला लागून, आधी केस दिसले, मग कपाळ. मग सगळा व्यंकट, खोकत, डोळे पुसत. एका कुशीवर होऊन तो काठाकडे आला. बांधावरची माणसं धावत परत येत होती, दट्ट्या बघून, त्याला बघून, काय करावं न कळून थबकलेली. त्यानं पाण्यातून दोन्ही हात वर केले.

"आये," तो ओरडला, "रिकाम्याच हातानं आलो गं!"

केवळाबाईंनी त्याला ओढून काठावर घेतलं आणि त्याचे ते दोन्ही रिकामे हात आपल्या हातांत धरून, उंच करून, साऱ्या गावाला दाखवले.